जुनी पावरी, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात

…तर सीडी हातात धरून जीवरामनाना त्या लॅपटॉपभोवती फिरत होते, इथवर काल आलो होतो आपण. बाजारात गोऱ्हा घेताना माणूस कसा चारही बाजूंनी बघतो, शेपटी उचलतो, दात मोजतो, तसं त्यांचं चाललेलं. झाकण उघडून बघितलं, पालथा घालून बघितला, कडेच्या फटीत नख घालून बघितलं. सीडी आत घालायला जागाच नाही!

"भूमिका," ते सुनेला म्हणाले, "याले तं तोंडच नही वं!"

"नाना, आता सीडी कोणी वापरत नाही. नव्या लॅपटॉपला ती खाच येतच नाही."

"मंग हाऊ जेवस कसा?"

आणि नेमका तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट राहिली. आज चहा आधीच झालाय, तेव्हा बसा निवांत. काल जे नव्हते त्यांच्यासाठी मात्र थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर ते म्हणतील, कोण हे नाना आणि त्यांना सीडी कशाला पाहिजे.

जीवरामनाना म्हणजे एरंडोलचा मधुकंठ बँड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, पण पोराचा जीव भजनी मंडळाच्या पेटीत अडकलेला. पेटीवाले बुवा मोठे कडक. पट्ट्यांना हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः दोन्ही हातांनी वाजवायचे आणि मागचा भाता तेवढा जीवरामला हलवायला लावायचे. सूर बुवांचा, वारा जीवरामचा. कित्येक एकादश्या अशाच गेल्या. पुढे बुवांना एकदा भर भजनात शिंका सुरू झाल्या, थांबेचनात, तेव्हा जीवरामने मागूनच हात पुढे घालून अभंग पुरा केला. बुवा शिंकता शिंकता म्हणाले, "वाजव, वाजव, आता तूच वाजव," आणि तिथून तो माणूस जो सुटला तो आजवर थांबलेला नाही. आधी क्लॅरोनेट, मग कीबोर्ड, मग स्वतःचा बँड, मग बँडची गाडी. गाडी म्हणजे चार चाकांचा रथच तो, वर भोंगे, खाली जनरेटर, मधे कीबोर्ड आणि कीबोर्डमागे नाना.

या माणसाला कशातही ठेका सापडतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा, धुळ्याच्या एसटीचा सैल झालेला पत्रा, खलबत्त्यातला ठेचा, सगळ्यांवर यांची बोटं चालतात. एकदा सर्दी-तापाने दवाखान्यात गेले. डॉक्टर छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकताहेत, आणि नाना विचारतात, "साहेब, ठेका सरळ शे ना? मधेच सोडत नही ना?" डॉक्टरांना इतकं हसू आलं की नळी कानातून निघाली.

पण मधुकंठ बँडला लोक ज्याच्यासाठी बोलावतात ती पावरी. धुळ्याच्या पश्चिमेला, साक्री-पिंपळनेरकडे, पावरी म्हणजे काय हे कुणी विचारत नाही. इकडच्यांसाठी सांगतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे शिंगासारखं तोंड आणि त्यावर मोरपिसांचा झुबका. वाजवणारा गाल फुगवतो, नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही. तो आवाज गोड बिड काही नाही. तो सरळ गुडघ्यात शिरतो. बसलेला माणूस कधी उठला आणि कधी रांगेत हात गुंफून नाचायला लागला हे त्याचं त्यालाच कळत नाही.

पिंपळनेरच्या पलीकडे एका पाड्यावर गुलाबआबा राहतात. पावरी वाजवावी तर त्यांनी. नानांची त्यांची ओळख कशी झाली? एका लग्नात नानांचा बँड ठरलेला, भोंगे लावलेले, कोट घातलेले, आणि सगळी माणसं बँडला पाठ करून एका म्हाताऱ्याभोवती नाचताहेत! दुसरा कोणी असता तर रुसून गाडी फिरवून निघून गेला असता. नाना खाली उतरले, टोपी काढून बगलेत मारली आणि नाचायला रांगेत शिरले. नाचून झाल्यावर म्हाताऱ्याजवळ बसून म्हणाले, "आबा, तुमनी पावरी मना पेटीमा येई का?"

"मी येत नही," गुलाबआबा म्हणाले, "पावरीले इचार."

तेव्हा कीबोर्डसोबत एक सीडी मिळालेली. तिच्यातला प्रोग्रॅम कॉम्प्युटरात घालायचा, माईकसमोर एकेक सूर धरायचा, आणि तो सूर कीबोर्डच्या एकेका पट्टीला बांधून टाकायचा. मग पट्टी दाबली की तोच सूर, तसाच. जळगावला मेहरूणमध्ये अभिमन नावाचा कॉम्प्युटरवाला आहे, त्याने एक कॉम्प्युटर जुळवून दिला आणि प्रोग्रॅमही बसवून दिला. मग गुलाबआबा एरंडोलला आले. पत्र्याच्या खोलीत त्यांना बसवलं, दार लावलं, माईक धरला. नाना म्हणाले, "आबा, एक सूर वाजाडा आनि थांबा."

आबांनी पावरी खाली ठेवली. "थांबाकरता कोनी पावरी वाजाडस का? आनि नाचनारं कोन शे आठे? समोर कोनी नाचत नही तं मी फुकू कोनासाठे?"

झालं! आता पंचाईत. नाचलं तर पायांचा आवाज माईकमध्ये येणार, नाही नाचलं तर आबा वाजवणार नाहीत. शेवटी नानांनी गोधड्या अंथरल्या आणि नाना आणि त्यांची बायको बेबाबाई, दोघं अनवाणी, आवाज न करता, त्या गोधड्यांवर नाचले. तोंडावर बोट ठेवून नाचायचं म्हणजे काय हाल! बेबाबाईंचा पदर तोंडात, हसू दाबून डोळ्यांत पाणी. पण आबा खूश झाले आणि त्यांनी एकेक सूर असा सोडला की पत्रा थरथरला. ती पावरी मग नानांच्या कीबोर्डात राहायला आली आणि एरंडोलपासून साक्रीपर्यंत लग्नं नाचवत फिरली.

आता यंदाचं ऐका. गुलाबआबांची छाती आता साथ देत नाही. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली आहे. आणि त्यांच्या नातीचं, साक्षीचं, लग्न होळीनंतर ठरलं. आबांचा फोन आला.

"जीवराम, साक्षीना लगीनमा मनीच पावरी वाजाले जोयजे. मी फुकू शकत नही. तू वाजाडशी ना?"

"वाजाडसू, आबा. हाऊ मना शबद."

शब्द दिला, आणि पुढच्याच वरातीत जनरेटरने असा झटका मारला की कीबोर्ड मुका झाला. दुरुस्त करणाऱ्याने आतली पाटी बदलून दिली. कीबोर्ड बोलायला लागला, पण आठवण सगळी पुसली गेलेली. कारखान्यातून आला होता तसा कोरा. पियानो वाजतो, व्हायोलिन वाजतं, पावरीच्या जागी नुसतं शांत! नाना पट्टी दाबतात, पुन्हा दाबतात, कानात वारं भरल्यासारखं नुसतं काहीच नाही.

देवाची कृपा म्हणायची की जुना कॉम्प्युटर भंगारात जाताना भूमिकाने त्यातली पावरीची फाईल पेनड्राईव्हवर उतरवून ठेवली होती. सीडी ट्रंकेत, कोटांच्या घडीत, जपून होती. आणि भूमिकाचा लॅपटॉप अगदी नवा, विंडोजही नवी. म्हणजे बघा, फाईल आहे, प्रोग्रॅम आहे, कॉम्प्युटर आहे. फक्त तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही, भाऊबंदकीत असतं तसं. फाईल त्या प्रोग्रॅमशिवाय दुसऱ्या कशातच उघडेना. आणि त्या प्रोग्रॅमची सीडी हातात धरून नाना तोंड शोधत होते.

मग अभिमनला फोन गेला. अभिमनच्या लग्नाची वरात नानांनीच वाजवलेली, आणि पावरी लागल्यावर तो नवरदेव घोड्यावरून उडी मारून नाचलेला. फेटा एकीकडे, मुंडावळ्या एकीकडे. त्यामुळे त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. सकाळीच मोटरसायकलवर आला, पिशवीत सीडी वाचायचं बाहेरून जोडायचं यंत्र घेऊन.

"हाई घे," नाना लॅपटॉपला म्हणाले, "तुले तोंड आनलं."

सीडी गरगरली. प्रोग्रॅमचं चित्र दिसलं. अभिमनने त्यावर बोट दाबलं आणि लॅपटॉपने मोठी पाटी लावली, हे तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

"काय म्हनस?" नानांनी विचारलं.

"म्हणतो, याला मी ओळखत नाही. प्रोग्रॅम जुन्या विंडोजच्या काळातला आहे ना. थांबा, एक युक्ती असते. प्रोग्रॅमला भासवायचं की बाबा रे, तू जुन्याच विंडोजमध्ये आहेस."

"म्हंजे खोटं बोलाना?"

"थोडं बोलावं लागतं."

बेबाबाई दारात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ घेऊन उन्हाकडे निघाल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "लगीन जुळाडताना बोलतस तितलंच ना? बोला मंग."

"तेवढंच, काकू," अभिमन हसला, आणि त्याने यादीत खुणा करून प्रोग्रॅमला एका जुन्या विंडोजचं नाव सांगितलं, मग तिच्याही आधीच्या विंडोजचं सांगितलं. लॅपटॉप बधला नाही. पुन्हा तीच पाटी.

अभिमनने डोकं खाजवलं. "नाना, प्रोग्रॅम एक वेळ चालेल. पण सीडीतला जो तुकडा त्याला कॉम्प्युटरात आणून बसवतो ना, तो त्याच्याहून जुना आहे. नव्या विंडोजला तो वाचताच येत नाही."

नानांनी मान डोलावली. असलं त्यांना पटकन कळतं. "म्हंजे नवरदेव चालस. घोडा चालत नही."

"अगदी बरोबर! आणि जुना कॉम्प्युटर असता तर त्याच्यातून नवरदेवाला तसाच उचलून आणला असता."

"तो गया भंगारमा."

लग्न परवावर आलेलं. भूमिकाने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि ताक आणून ठेवलं. ताकाचा घोट घेतल्यावर अभिमनला सुचलं, निदान तो तरी असंच सांगतो.

"असं करू. कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर बसवू."

"अं?"

"हा लॅपटॉप चालू राहील. त्याच्यात एक प्रोग्रॅम घालायचा, तो आत एक खोटाच कॉम्प्युटर तयार करतो. त्या आतल्या कॉम्प्युटरात जुनी विंडोज घालायची. बाहेर आजचा काळ, आत तेव्हाचा. जुना प्रोग्रॅम आतल्या घरात राहील, त्याला बाहेरचं काही कळणार नाही."

नाना भाकरी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग एकदम मांडीवर थाप मारली. "घरजावई! त्याले सांगाना, हाई तुनंच गाव शे, तूच आठला पाटील, आनि खोलीबाहेर येऊ नको!"

बेबाबाईंना बाहेर उन्हात बिबडे घालता घालता हसू फुटलं, एक बिबडा वाकडाच पडला.

अभिमनच्या पिशवीत, जुन्या सीड्यांच्या गठ्ठ्यात, त्या काळातल्या विंडोजची सीडी होतीच. दुपार उतरेतो काम चाललं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकट उघडली, चौकटीत काळोख झाला, पांढरी अक्षरं धावली. आणि मग तो जुना सूर वाजला, चालू होतानाचा, आणि चौकटभर हिरवीगार टेकडी उगवली, वर निळं आभाळ आणि ढग.

"आई माय!" बेबाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "हाऊ तं आपला कॉम्प्युटर! देख, देख, पद्मालयनी टेकडी!"

इतकी वर्षं त्या टेकडीला पद्मालयाचीच टेकडी समजत होत्या त्या. गणपतीला जाताना पावसाळ्यात दिसते तशी. कोणी सांगितलंही नव्हतं, कोणी खोडलंही नाही. अभिमनने त्या दिवशीही खोडलं नाही.

आतल्या घरात प्रोग्रॅम मुकाट्याने बसला. नव्या घराचं त्याला काही सांगितलंच नव्हतं ना! फाईल दिली, त्याने ती उघडली, आणि पडद्यावर पावरीच्या एकेका सुराची नागमोडी रेघ दिसली. नानांनी त्या रेघेला हात जोडले. आता वायर जोडून कीबोर्डात पाठवायचं तेवढं उरलं. वायर जोडली. प्रोग्रॅम म्हणाला, कीबोर्ड कुठाय?

"हाऊ काय, मांडीवर शे!" नाना ओरडले.

"तो बाहेरच्या लॅपटॉपला दिसतोय, आतल्याला दिसत नाही," अभिमन म्हणाला. "पाहुणा ओट्यावरच अडकला. त्याला हाताला धरून आत न्यावा लागतो." त्याने चौकटीच्या माथ्यावरून वायरीचं नाव शोधून ती आतल्या कॉम्प्युटरच्या हवाली केली. कीबोर्डचा लाल दिवा लुकलुकला. हिरवी पट्टी सरकायला लागली. पट्टी भरली. झालं!

आता असं वाटेल की गोष्ट संपली. खरी पंचाईत इथून पुढे सुरू झाली.

नानांनी हेडफोन कानाला लावला. कीबोर्डवर बोट ठेवलं. एक सूर, दुसरा सूर. मग दोन्ही हातांनी नाचाची चाल. आणि त्यांचा चेहरा असा पडत गेला, असा पडत गेला की बेबाबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?"

"हाई गुलाबआबा नही."

"नाना, फाईल तीच आहे," अभिमन म्हणाला.

"फाईल तीच आसी. आबा नही. पातळ शे. दूर कोठे तरी कोनी शीळ घाली ऱ्हायना तशी." त्यांनी हेडफोन काढून अभिमनच्या कानाला लावला. "आयक! दोन दोन कॉम्प्युटरमधून येता येता वारा गळी गया. आतला घरमा सांडना, बाहेरना घरमा सांडना. पोचना काय? ताक!"

अभिमनने ऐकलं. त्यालाही ती पातळच वाटली. बिचाऱ्याने पुन्हा सगळं तपासलं, फाईल पुन्हा पाठवली, वायर बदलली, आतला कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. टेकडी पुन्हा उगवली, पावरी पुन्हा पातळ. शेवटी तो चाचरत म्हणाला, "नाना, इंटरनेटवर तयार पावरीचे टोन मिळतात. चांगले असतात. दहाजण वापरतात."

"चांगला आसतीन. पन तो दुसऱ्याना वारा शे, अभिमन. आबाले खुर्चीवर बसाडू आनि दुसऱ्याले आबा म्हनीसन वाजाडू? कसं वाजाडू?"

आणि नाना उठले, फोन घेतला आणि गुलाबआबांना लावला. खोटं बोलायचं नाही, जे आहे ते आजच सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण आबांचा आवाज ऐकल्यावर ते सांगवेना. म्हणून त्यांनी फोन हेडफोनजवळ धरला आणि एका हाताने चाल वाजवली.

तिकडे आबांनी चाल पुरती ऐकली. मग आबा म्हणाले, "जीवराम, तुना घरमा मच्छर भलता माजेल दिसतस. धूर कर."

नानांनी फोन ठेवला. कोट टांगलेल्या खुंटीकडे बघत बसले. एवढा हसरा माणूस, पण त्या वेळी त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती झाली नाही.

बेबाबाईंची झाली. बिबड्यांची परात ठेवून, हात पुसत त्या आत आल्या आणि नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"तुम्हीन पावरी कोठे बठीसन आयकी ऱ्हायनात?"

"आठे. खाटवर."

"आनि याआधी कधय खाटवर बठीसन आयकेल शे का?"

नानांनी खाटेवरच्या हेडफोनकडे बघितलं.

"कधय तरी कानमा बोळा घालीसन आयकेल शे का? पावरी म्हंजे काय भजन शे? गाडीवर वाजस, भोंगामधून वाजस, लोके नाचतस, धूळ उडस. तठे आयकनारा तुम्हीन, आज खोलीमा बठीसन म्हनतस पातळ शे! वारा नही गळना. तुमना भोंगा बाहेर उभा शे."

अभिमनने कपाळावर हात मारला. नाना खाटेवरून असे उठले की खाट मागे सरकली.

गाडी गल्लीत लिंबाखालीच उभी होती, ताडपत्री घातलेली. ताडपत्री ओढली, जनरेटर खेचला, कीबोर्ड जागेवर चढवला. नाना नुसत्या बनियनवर गाडीत उभे राहिले. पहिला सूर सोडला.

काय सांगायचं! भोंग्यांतून तो सूर निघाला आणि लिंबावरच्या साळुंक्या एकदम उडाल्या. समोरच्या माडीवर भागाबाई गहू निवडत होत्या, त्यांचं सूप हातातच डुलायला लागलं. कोपऱ्यावरच्या सलूनमधून एक माणूस अर्ध्या गालाला साबण, गळ्याला पांढरं कापड अशा अवतारात बाहेर आला आणि नाचायला लागला, आणि त्याच्यामागे वस्तरा उंच धरून सलूनवाला! अभिमन केव्हा रांगेत शिरला ते त्यालाही कळलं नाही. आणि नाना? नाना वाजवत होते आणि हसत होते, आणि ओरडत होते, "शे! शे! आबाच शे!"

मागून त्यांनीच याचा उलगडा करून सांगितला. इतक्या वर्षांत गुलाबआबांची ही कीबोर्डातली पावरी त्यांनी कधी भोंग्यावाचून ऐकलीच नव्हती. भोंग्याचा तो घोगरा खरखरीतपणा, पत्र्याचा झणझणाट, पायांची धूळ, हे सगळं मिळून त्यांच्या कानात आबा बनले होते. हेडफोनमध्ये आबा एकटेच आले, आणि एकटे आबा ओळखू आले नाहीत. पहिल्या दिवशी सूर घेतानाही आबा म्हणालेच होते की समोर नाचणारं पाहिजे. ऐकणारा मात्र विसरला होता.

लग्नाच्या दिवशी भल्या पहाटे मधुकंठ बँडची गाडी धुळ्यावरून पुढे साक्रीच्या रस्त्याला लागली. अभिमनही सोबत, म्हणाला, काही बिघडलं तर. बिघडायचं काही नव्हतं, त्याला नाचायचं होतं. पाड्यावर मोहाची फुलं पडून वास सुटलेला. मांडवापुढे आबांना खुर्चीवर बसवलेलं, अंगावर नवा सदरा, खांद्यावर टॉवेल. छाती बारीक झालेली, पण डोळे तसेच.

नानांनी लाल कोट चढवला, टोपी घातली. आबांकडे बघून एकदा मान लववली आणि वाजवायला सुरुवात केली.

आबा पहिल्यांदा हललेच नाहीत. मान तिरकी करून ऐकत राहिले. नानांचे हात चालत होते पण लक्ष सगळं त्या खुर्चीकडे. मग आबांची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, पावरीच्या छिद्रांवर चालतात तशी. मग गाल फुगले. मग ते मोठ्याने म्हणाले, शेजारच्यांना, मांडवाला, सगळ्यांना, "आयका! हाऊ मी शे!"

आणि मग जे नाचणं झालं! रांगच्या रांग, एकमेकांच्या कमरेत हात, पाय एकदम पुढे, एकदम मागे. नवरी साक्षी, तिला एका जागी बसवेना. हळदीच्या साडीत रांगेच्या मधोमध. तिने दोनदा येऊन आजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोन्ही वेळा आजोबा हसले. ऊन चढलं तरी कोणी थांबेना. वरात पाड्यातून निघून खालच्या वाटेला लागली. नानांनी कीबोर्ड बँडमधल्या रविंद्रच्या हाती दिला, तो त्यांच्या हाताखाली तयार झालेला, चांगला हात आहे त्याचा. गाडी वाजत गाजत पुढे गेली, आणि नाना उतरून टोपी काढत आबांच्या खुर्चीजवळ, जमिनीवर येऊन बसले.

दोघं खालच्या वाटेकडे बघत राहिले. पावरी वाजतच होती. आबांनी छातीवर हात ठेवून बघितला, दाबून बघितला, आणि नवल वाटल्यासारखं विचारलं, "जीवराम, सकायपासून मी वाजी ऱ्हायनू. माले दम कसा लागना नही रे?"

नानांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुना दम पुढे वरातमा नाची ऱ्हायना, आबा. तू आठे खुर्चीवर बठ. तो थकना का मीच तुले सांगाले येसू."